बारावीचे मार्क: तेव्हा आणि आता

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल." मी तयारी करून आले होते. पण सकाळी पोह्यांच्या रांगेत उभी असताना एकेकानं मला बाजूला घ्यायला सुरुवात केली. दहा वाजेपर्यंत सात जण झाले. सातही जणांचा प्रश्न एकच. "पोरगं बारावीला आहे, किती मार्क पडले म्हणजे चांगलं कॉलेज मिळेल?" एकाची मुलगी तर आत्ता आठवीत आहे, तरी त्याचा तोच प्रश्न. मग मी एआयचे कागद पर्समध्ये ठेवून दिले. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी या घडीला जो विषय चालू आहे, त्यावरच बोलते.

आणि मला एक जुनं देणंही फेडायचं आहे. ते शेवटी सांगेन.

आधी आपली वेळ आठवा. आपण १९९६ ला दहावी झालो आणि १९९८ ला बारावी. आपल्या वेळी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीईटी नव्हती. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स, तिन्ही मिळून ३०० पैकी किती, एवढा एकच आकडा. 'पीसीएम किती?' हा प्रश्न त्या जून महिन्यात मला इतक्या लोकांनी विचारला, की आमच्या दुधवाल्यालाही पीसीएम म्हणजे काय ते कळलं होतं. त्या आकड्यावर तंत्रशिक्षण संचालनालय मेरिट लिस्ट लावायचं आणि नंबराप्रमाणे बोलवायचं. हॉलमध्ये कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेच्या किती जागा उरल्या ते समोर दिसायचं. आपला नंबर येईपर्यंत ते आकडे कमी कमी होत जायचे. माझे वडील, आबा, माझ्या शेजारी बसून ते आकडे वहीत उतरवून घेत होते. द्राक्षाच्या पेट्यांचा हिशोब लिहायची तीच वही.

आणखी एक गोष्ट होती, जी आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर खासगी कॉलेजांत दोन प्रकारच्या जागा होत्या. निम्म्या 'फ्री सीट' आणि निम्म्या 'पेमेंट सीट'. फ्री सीट नावालाच फ्री, पण तिची फी सरकारी कॉलेजच्या आसपास असायची. पेमेंट सीटची फी तिच्या कित्येक पट. वर्ग एकच, बाक एकच, शिकवणारे सर तेच, डिग्रीही तीच. मेरिट लिस्टमध्ये रेषेच्या वर असलात तर एक फी, खाली असलात तर दुसरी. ही पद्धत पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानं गेली. पण १९९८ ला ती होती आणि मी तिच्यातूनच गेले.

मला ३०० पैकी २६१ होते. माझ्याबरोबर एसटीनं रोज सांगलीला कॉलेजला येणारी माझी मैत्रीण होती. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. तिला २५८. ती आज इथे आहे, आणि हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. नाव सांगू नको म्हणाली, म्हणून सांगत नाही. तुम्हाला कळलंच असेल.

हे तीन मार्क कुठे गेले ते मला नेमकं माहीत आहे. लेखी परीक्षेत आम्ही जवळजवळ सारख्या होतो. फरक पडला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला. सॉल्ट ओळखायचं असतं, आठवतंय ना? बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुड्या वाटल्या. माझी पुडी उघडली तर आत निळे खडे. मी बघताक्षणी ओळखलं, मोरचूद! आमच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी मोरचुदाची पोती पडलेली असायची, लहानपणापासून बघत आले होते. मला फक्त ओळखलेलं सिद्ध करायला टेस्ट कराव्या लागल्या. माझ्या मैत्रिणीच्या पुडीत पांढरी भुकटी निघाली. पांढऱ्या भुकट्या पन्नास प्रकारच्या असतात. ती तासभर परीक्षानळ्या तापवत राहिली आणि शेवटी घाईत चुकीचं उत्तर लिहून आली. तिचे वडील एसटीत कंडक्टर. त्यांच्या घरी मोरचूद कुठून असणार?

तेव्हा तीन मार्कांचं अंतर म्हणजे इतकंच. तिनं गुणपडताळणीचा अर्ज केला. बेरीज बरोबर आहे असं उत्तर आलं. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायची सोय तेव्हा नव्हती. पुढे मेरिट लिस्टमध्ये तीन मार्कांत शेकडो नंबर बसतात, आणि त्या शेकड्यांच्या मध्ये कुठेतरी फ्री सीटची रेषा होती. मी रेषेच्या वर राहिले, ती खाली गेली. मला इलेक्ट्रॉनिक्सची फ्री सीट मिळाली. तिला त्याच कॉलेजात पेमेंट सीट मिळत होती. तिच्या वडिलांनी तिथेच हॉलच्या बाहेर कागदावर हिशोब केला आणि नको म्हणाले. ती बीएस्सीला गेली. विषय घेतला केमिस्ट्री. हे ती हसत सांगते, पण तेव्हा हसण्यासारखं नव्हतं.

आता इथून पुढची तीस वर्षं थोडक्यात सांगते. कारण तुम्ही मुलांना सल्ला देताना आपल्या वेळचे नियम डोक्यात ठेवून देता आणि तिथेच गफलत होते.

नुसत्या बारावीवर प्रवेश देण्यात अडचण अशी होती की, प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजागणिक वेगळे, सीबीएसईचा पेपर वेगळा, आपल्या बोर्डाचा वेगळा, आणि सगळे एकाच यादीत. म्हणून राज्यात इंजिनिअरिंगसाठी सीईटी आली. मग उलटं झालं. मुलं म्हणू लागली की बारावी फक्त पास झाली म्हणजे पुरे. वर्ग रिकामे पडले आणि क्लास भरले. त्यावर उपाय म्हणून २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यानं निम्मं वजन जेईई मेनला आणि निम्मं बारावीला दिलं. ग्रामीण भागातल्या मुलांना ते जड गेलं, ओरड झाली, आणि २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. २०१९ पासून ती कॉम्प्युटरवर होते आणि मार्कांऐवजी पर्सेंटाइल मिळतात.

हे पर्सेंटाइल प्रकरण अनेकांना कळत नाही, म्हणून एक मिनिट घेते. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के मार्क नव्हेत. त्याचा अर्थ, शंभरातली ९९ मुलं तुमच्या बरोबरीनं किंवा मागे आहेत. समजा, ३ लाख मुलं परीक्षेला बसली. ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण ३ हजार मुलं असतात. ९८ वाल्याच्या पुढे ६ हजार. म्हणजे एका आकड्यात ३ हजार मुलं. त्यामुळे "९५ आलेत, मग चांगलंच कॉलेज मिळणार" असं म्हणून निवांत बसू नका, आणि "अर्ध्या आकड्यानं काय होतंय" असंही म्हणू नका. आणि परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून कच्च्या मार्कांची तुलना न करता, त्या त्या सत्रातला क्रम बघून पर्सेंटाइल काढतात. मोरचूद एकाला आणि पांढरी भुकटी दुसऱ्याला, हा प्रकार कमी करायचा हा प्रयत्न आहे. पूर्ण जात नाही, पण कमी होतो.

आणि २०२१ साल आठवा. कोरोनामुळे बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या वर्षभरातल्या कामाचे ४० टक्के धरून निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. त्या वर्षीची मुलं आता नोकरीला लागली आहेत. त्यांच्यातली काही माझ्या टीममध्ये आहेत. आधीच्या-नंतरच्या मुलांपेक्षा ती कुठे कमी आहेत असं मला एकदाही जाणवलं नाही. ज्या परीक्षेभोवती आपण दोन वर्षं घर डोक्यावर घेतो, ती एक वर्ष झालीच नाही, तरी काम अडलं नाही. याचा विचार करा.

मग आज बारावीचे मार्क लागतात कुठे? सकाळच्या सात जणांना हे एकत्रच सांगते.

राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाला यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीला पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. तेवढे असले की उंबरठा ओलांडला. पुढे ८० असोत की ९०, यादीतला नंबर त्यानं बदलत नाही. दोन मुलांचे सीईटीचे आकडे अगदी सारखे आले, तरच जुने मार्क बघायची वेळ येते.

पण म्हणून बारावी सोडून देऊ नका. माझ्या दादाच्या मुलाची गोष्ट सांगते. साल २०२३. पोरगं हुशार. क्लासवाल्यांनी सांगितलं की कॉलेजला जायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो. इंग्रजी आणि मराठीची पुस्तकं त्यानं उघडलीच नाहीत. जेईई मेनला रँक चांगला आला. घरात पेढे वाटले. नंतर कळलं की एनआयटीच्या प्रवेशाला बारावीला पाच विषयांत मिळून ७५ टक्के लागतात, एससी-एसटीला ६५, नाहीतर आपल्या बोर्डाच्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. कोरोनाच्या काळात ही अट शिथिल होती. २०२३ ला ती परत आली. याला ६८ टक्के. दोन्हीत बसला नाही. दादाचा मला रात्री अकराला फोन, "अगं, मराठीच्या मार्कांमुळे इंजिनिअरिंग जातं का कुठं?" जातं. त्या वर्षी गेलं. राज्याच्या सीईटीवर त्याला बरं कॉलेज मिळालं, तो आज मजेत शिकतो आहे. पण हाताशी आलेली जागा गेली, ती न वाचलेल्या मराठीच्या पुस्तकामुळे. आपल्या मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांना हे ऐकून बरं वाटलं असेल!

काही खासगी विद्यापीठांचीही अट अशीच असते. पिलानीच्या बिट्सला स्वतःची परीक्षा आहे, पण पीसीएमला ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात ६० लागतात. बीए, बीकॉम, बीएस्सीला आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी बारावीच्याच मार्कांवर यादी लागते. बीसीए आणि बीबीएला २०२४ पासून राज्यात वेगळी सीईटी आली, हे पुष्कळांना माहीत नसतं. बारावीचा निकाल लागल्यावर "इंजिनिअरिंग नाही तर बीसीए करू" म्हणून जातात, तोवर परीक्षा होऊन गेलेली असते.

आणि एक दार असं आहे, जिथे बारावीच विचारत नाहीत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करा आणि डिप्लोमाच्या मार्कांवर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जा. आपल्या वर्गातले चौघे त्या वाटेनं गेले. त्या वेळी "बिचारा डिप्लोमाला गेला" असं आपण म्हणायचो. त्यांच्यातल्या एकानं आजच्या जेवणाचा सगळा खर्च उचलला आहे. टाळ्या त्याच्यासाठी.

आता मी सांगते ते माझ्या नोकरीतलं आहे आणि त्यात माझी चूक आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे कॉलेजांतून नवीन मुलं घ्यायचं काम माझ्या टीमकडे आलं. अर्ज हजारोंनी. नियम ठरलेला, दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के हवेत. 'साठ टक्के थ्रूआउट' हा शब्द तुमच्या मुलांनीही ऐकला असेल. हा नियम लावणारा प्रोग्राम मी लिहिला. खरं सांगते, एका ओळीची अट होती. ती चालवली की निम्मे अर्ज क्षणात बाजूला पडायचे, आणि काम हलकं झालं म्हणून आम्ही चहाला जायचो.

दोन वर्षांनी आमच्याकडे एक मुलगा आला. ओळखीतून आला होता, म्हणजे कंपनीतल्याच कोणीतरी त्याचं नाव सुचवलं होतं, त्यामुळे त्याचा अर्ज त्या चाळणीतून गेलाच नव्हता. मुलाखत मी घेतली. त्याच्याइतकं स्वच्छ विचार करणारं पोरगं मी त्या वर्षी दुसरं पाहिलं नाही. घेतला. महिन्याभरानं कागदपत्रं तपासताना दिसलं, बारावीला ५७ टक्के. मी सहज विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, परीक्षेच्या आधी तीन आठवडे वडील गेले. पेपर दिले, कसे दिले ते आठवत नाही." आणि मग म्हणाला, "मी दोन वर्षांपूर्वीही तुमच्या कंपनीत अर्ज केला होता. उत्तर आलं नाही."

मी घरी गेले, जुन्या याद्या काढल्या. त्याचं नाव होतं. बाद केलेल्यांत. माझ्या त्या एका ओळीनं.

त्या रात्री मी ती बाद झालेली सगळी यादी वाचत बसले. हजारो नावं. प्रत्येकाचं काय कारण असेल ते मला कळणार नव्हतं. काही अभ्यास न केलेलीही असतील. पण तेवीस वर्षांच्या मुलाला नोकरी द्यायची की नाही हे ठरवताना, सतरा-अठराव्या वर्षीचा तो एक आठवडा मी मध्ये आणला होता. चार वर्षांचं इंजिनिअरिंग त्यानं त्यानंतर पूर्ण केलं होतं. ते समोर असताना मी मागचं बघत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी वरिष्ठांकडे गेले आणि म्हटलं की बारावीची अट काढू या, आधी सगळ्यांची एक प्रोग्रामिंगची चाचणी घेऊ, मग डिग्रीचे मार्क बघू. ते म्हणाले, एवढ्या अर्जांचं काय करायचं? वाद झाला. शेवटी बारावीची अट काढली, दहावीची राहिली. मी अर्धंच जिंकले. पुढे कंपनी बदलली, तिथे दोन्ही काढायला लावल्या. पण आजही अनेक ठिकाणी ती अट आहे, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांना बाद झालेल्यांची तोंडं दिसत नाहीत. आपल्यातले जे आज कुठे ना कुठे माणसं निवडायच्या जागेवर बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आपल्या कंपनीत, कारखान्यात, बँकेत, संस्थेत ही ओळ आहे का ते एकदा बघा.

मला यातून एवढंच कळलं. जागा कमी आणि मुलं जास्त असली की रांग लावावीच लागते. रांग लावायला काहीतरी आकडा लागतो, मग तो बारावीचा असो नाहीतर सीईटीचा. त्याला इलाज नाही. पण तो आकडा त्या एका दारापुरता आहे. दार ओलांडलं की त्याचं काम संपलं. आपण मात्र तो आकडा माणसाच्या पाठीवर चिकटवून ठेवतो. लग्नाच्या बोलणीत, नोकरीत, भावाभावांच्या तुलनेत तो वर्षानुवर्षं काढत राहतो. आणि आज इथे, तीस वर्षांनी भेटल्यावरसुद्धा, सकाळी नाश्त्याला मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "तुला दहावीला किती होते रे?"

तुमच्या मुलांसाठी चारच गोष्टी सांगते.

पहिली, अकरावीत प्रवेश घेतानाच मुलाला कोणत्या दारानं जायचं आहे ते बघा, आणि त्या दाराला बारावीचे किती मार्क लागतात ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नका. नियम दर दोन-चार वर्षांनी बदलतात, आत्ताच सांगितलं. सीईटीचा बहुतेक भाग, साधारण ८० टक्के, बारावीच्याच अभ्यासक्रमावर असतो. म्हणजे बारावी नीट करणं म्हणजे वेळ फुकट घालवणं नाही.

दुसरी, मार्कांपेक्षा कागदांपायी जास्त जागा जातात. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, जातवैधता. वैधतेला महिने लागतात. निकालानंतर धावपळ करून मिळत नाही. अकरावीतच अर्ज टाका. ९६ पर्सेंटाइलची मुलगी एका प्रमाणपत्रावाचून खुल्या यादीत ढकलली गेलेली मी पाहिली आहे.

तिसरी, फीकडे बघून लगेच नाही म्हणू नका. आता पेमेंट सीट नाही, पण फी आहेच. ट्यूशन फी वेव्हर नावाच्या जागा असतात, ज्यांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी. त्या पर्सेंटाइलवर मिळतात, पण फॉर्ममध्ये पर्याय भरावा लागतो. आणि २०२४ पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती सरकार करतं. हे १९९८ ला असतं तर, असं मनात येतं.

चौथी, कॉलेजचे पर्याय भरताना मुलाला खरोखर जे सगळ्यांत जास्त हवं आहे तेच एक नंबरला टाका. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो पक्का होतो, नंतर बदलता येत नाही. "मिळणार नाही म्हणून वर टाकलं नाही" आणि "सहज म्हणून वर टाकलं", या दोन्हींनी रडलेली घरं मला माहीत आहेत.

हे सगळं एका भाषणात लक्षात राहणार नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. दरवर्षी निकालानंतर दोन शनिवार आपल्यातल्या पाच-सहा जणांनी आपल्या शाळेत टेबल टाकून बसायचं. कोणाचंही पोर असो, आपल्या शाळेचं असो-नसो, फॉर्म भरायला, कागद तपासायला मदत करायची. पैसे लागत नाहीत. मी पुण्याहून येईन. मुख्याध्यापकांशी सकाळी बोलले, एक खोली आणि इंटरनेट देतो म्हणाले.

आता ते देणं.

त्या १९९८ च्या जूननंतर मी माझ्या मैत्रिणीच्या घरी जाणं बंद केलं. तिच्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी मी आठ वर्षं खाल्ली होती. तिचं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. मी जात नव्हते, कारण मला वाटायचं की मी दिसले की तिला वाईट वाटेल. असं मी स्वतःला सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. थोडा गर्व होता, थोडी लाज होती, आणि काय बोलायचं ते कळत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत आले, गेले नाही. मग राहूनच गेलं. पंचवीसेक वर्षं.

तिनं बीएस्सी केलं, एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, आज तिथली प्रयोगशाळा तीच सांभाळते. गळिताच्या हंगामात रात्रपाळी असते तिला. उसाच्या रसाची तपासणी, साखरेची तपासणी, सगळं तिच्या सहीनं पुढे जातं. दोन वर्षांपूर्वी आपल्या ग्रुपमुळे तिचा नंबर मिळाला, फोन केला. मी घाबरत घाबरत तीन मार्कांचा विषय काढला. ती म्हणाली, "अगं, ते दोन वर्षं टोचलं, मग कामात विसरले. तुला तीन मार्क जास्त पडले म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. तू यायची बंद झालीस, त्याचं वाटलं. आई विचारायची."

तिची आई आता नाही. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. तिची मात्र आज सगळ्यांसमोर मागते.

आज या मंडपात तुमची मुलंही आली आहेत. त्यांच्यातली दोघं-तिघं पुढच्या जूनमध्ये एकाच यादीत असतील. एक रेषेच्या वर असेल, एक खाली. वरच्याला मी एवढंच सांगते, निकालाच्या दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरी जा. काय बोलायचं ते कळलं नाही तरी चालेल. जाऊन बस. आणि आईबापांनो, तुम्हीही त्याला जाऊ द्या, जमल्यास बरोबर जा.

संयोजकांनी एआयवर बोलू दिलं नाही म्हणून कोणी नाराज असेल, तर चहाच्या वेळी भेटा. आणि जून महिन्यातले ते दोन शनिवार वहीत लिहून ठेवा. टेबलावर माझ्या शेजारी कोण बसणार हे ठरलं आहे. तिनं कारखान्यात रजा टाकायचं कबूल केलं आहे.